दिवस बाळाचा, तिकीट आपले

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले, की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. लस टोचून झालेली असते, पालक निघालेले असतात आणि दाराशी थबकून विचारतात, "डॉक्टर, याला मनोरंजन उद्यानात नेले तर चालेल ना? पहिलीच सहल आहे." कडेवरचे मूल दीड-दोन वर्षांचे असते. या प्रश्नाला मी नुसते 'हो' किंवा 'नाही' म्हणत नाही. त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवतो आणि आधी माझी स्वतःची चूक सांगतो. आज ती आपल्यालाही सांगतो.

गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. व्यवसाय नवा होता, दवाखाना बंद ठेवणे परवडत नव्हते. म्हणून मे महिन्यातला एकच दिवस काढून आम्ही तिघे एका मोठ्या उद्यानात गेलो. नाव सांगण्याचे कारण नाही; दोष उद्यानाचा नव्हता, माझा होता. तिकीट माझ्या त्या वेळच्या मिळकतीच्या मानाने महाग होते आणि ते 'वसूल' करायचे, हे मी फाटकातच ठरवून टाकले होते. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत आम्ही एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जात राहिलो. मुलगा आधी हसला, मग रडला, मग चिडला आणि शेवटी माझ्या खांद्यावर गप्प झाला. तो आता रुळला, असे मला वाटले.

पत्नी म्हणाली, "अहो, याने सकाळपासून शू केलेली नाही."

ती डॉक्टर नाही. मी होतो. तोपर्यंत मी त्या मुलाकडे केवळ बाप म्हणून पाहत होतो. त्या वाक्यानंतर प्रथमच डॉक्टर म्हणून पाहिले. ओठ कोरडे होते, जीभ चिकट होती, रडे तोंडावर होते पण डोळ्यांत पाणी नव्हते. उद्यानाबाहेर एका वयस्कर डॉक्टरांचा छोटा दवाखाना होता. तेथे पंख्याखाली बसून आम्ही त्याला दोन तास चमच्याचमच्याने जलसंजीवनी पाजली. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याने चड्डी ओली केली. त्या ओल्या चड्डीने झालेला आनंद मला कोणत्याही परीक्षेच्या निकालाने दिला नव्हता.

बारा किलो वजनाच्या मुलाच्या शरीरातून ६०० मिलिलिटर पाणी गेले, तर त्याच्या वजनाचा विसावा हिस्सा गेला. साठ किलोच्या माणसाला तेवढ्याच प्रमाणात कोरडे पडण्यासाठी तीन लिटर पाणी गमवावे लागेल. शिवाय वजनाच्या मानाने लहान मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, त्यामुळे बाहेरची उष्णता त्याच्या अंगात लवकर शिरते. आपल्याला फक्त तहान लागलेली असते, तेव्हा ते आधीच कोमेजू लागलेले असते. आणि त्याला ते सांगता येत नाही. ते केवळ चिडते आणि नंतर गप्प होते.

आधी बाळाचे वेळापत्रक, मग उद्यानाचा नकाशा

तोच मुलगा आज एका मुलीचा बाप आहे. गेल्या डिसेंबरात त्याने विचारले, "बाबा, हिला इमॅजिकाला नेऊ या का?" नात अडीच वर्षांची. मी म्हणालो, "नेऊ, पण आधी कागद आण."

त्या कागदावर आम्ही उद्यानातील खेळ लिहिले नाहीत. नातीचा रोजचा दिवस लिहिला. सात वाजता जाग, साडेआठला नाश्ता, बाराला वरणभात, एक ते तीन झोप. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. दुपारची झोप त्यातच आली. सहलीच्या दिवशी ही गरज कमी होत नाही. म्हणून आम्ही ठरवले, की उद्यान आपल्यासाठी सकाळी उघडेल आणि दुपारी एकला संपेल. मुलगा म्हणाला, "म्हणजे निम्मे तिकीट वाया!" मी म्हणालो, "तुझ्या वेळी मी सगळे वसूल केले होते." त्याला ती गोष्ट आईकडून ठाऊक आहे, तो पुढे काही बोलला नाही.

इमॅजिका २०१३ साली सुरू झाले. ते रायगड जिल्ह्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. शेजारीच जलउद्यान आणि हिमउद्यान आहे. पहिल्या सहलीला या तिघांपैकी एकच निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऊन, पाणी आणि कृत्रिम बर्फ यांतून एकाच दिवशी दोन वर्षांच्या जीवाला फिरवू नये.

ऋतूची निवड हे निम्मे औषध आहे. पुण्याहून निघालेला माणूस पुण्याची हवा डोक्यात घेऊन निघतो. लोणावळे समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. बोरघाट उतरला, की आपण कोकणच्या हवेत येतो. ही हवा दमट असते. तिच्यात घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करीत नाही. म्हणून एप्रिल-मे आम्ही पहिल्यांदाच खोडले. पावसाळ्यात घाट देखणा असतो, पण ओले कपडे आणि पावसात थांबणारे उघड्यावरचे खेळ यांत लहान मुलाचे हाल होतात. आम्ही जानेवारीचा मध्य निवडला आणि वार निवडला बुधवार. नाताळ, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार टाळले, तर रांगा निम्म्या होतात. उद्यान कोणत्या दिवशी उघडे असते, हे मात्र निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

घाटातला प्रवास

आम्ही मंगळवारी दुपारी निघालो आणि रात्री खोपोलीतच मुक्काम केला. सकाळी पाच वाजता झोपलेल्या मुलाला उचलून गाडीत टाकणे म्हणजे त्याच्या झोपेवर कर्ज काढणे होय. ते कर्ज ते उद्यानात रडून फेडते.

गाडीत नात मागच्या बाजूला, तिच्या वजनाला योग्य अशा बालआसनात, पट्टा बांधून बसली. द्रुतगती मार्गावर मूल मांडीवर घेऊन बसणे, त्यातही पुढच्या आसनावर, हे प्रेमाचे लक्षण नव्हे. अचानक ब्रेक लागला, तर कोणत्याही आईचे हात त्या धक्क्याला पुरे पडत नाहीत. घाटातील वळणांनी दोन वर्षांनंतर मुलांना मळमळ होऊ लागते. निघण्यापूर्वी हलके खाणे द्यावे, काच थोडी उघडावी, मोबाइलवरची चित्रे बंद ठेवावीत आणि मुलाला लांबचे डोंगर दाखवावेत. उलटीचे औषध दुकानातून परस्पर आणू नये. यांतील काही औषधे दोन वर्षांखालील मुलांना देऊच नयेत अशी आहेत.

संध्याकाळी आम्ही महडच्या वरदविनायकाला गेलो. अष्टविनायकांतील हे स्थान खोपोलीपासून जवळ आहे. चवदार तळ्याचे महाड याच जिल्ह्यात, पण बरेच दूर. पत्ता लावताना गफलत होऊ देऊ नये. देवळाजवळ नात मनसोक्त धावली. दुसऱ्या दिवशी रांगेत उभे राहायचे असेल, तर आदल्या संध्याकाळी पायांना मोकळीक हवी.

उद्यानात

बुधवारी दार उघडताच आम्ही आत होतो. मागे सह्याद्रीची भिंत कोवळ्या उन्हात निळसर दिसत होती. सकाळचे पहिले दोन तास लहान मुलाचे सर्वांत चांगले तास असतात. ते मोठ्यांच्या झोक्यांवर खर्च करू नयेत. कोणत्या खेळाला किती उंची लागते, हे दारावर लिहिलेले असते. त्यासाठी घरीच मुलाची उंची मोजून न्यावी. टाचा उंचावून, कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून मूल आत घुसवणारे पालक मी पाहिले आहेत. तो आकडा मुलाचा अपमान करण्यासाठी लिहिलेला नसतो. सुरक्षेची दांडी तेवढ्याच अंगाला अडवू शकते.

घसरगुंडीविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. मूल एकटे घाबरेल म्हणून आपण त्याला मांडीवर घेऊन घसरतो. अशा वेळी त्याचा बूट कडेला अडकतो, आपले वजन मात्र खाली जात राहते आणि नडगीचे हाड पिळवटून मोडते. एकटे घसरताना पाय अडकला, तर मूल बहुधा तेथेच थांबते. म्हणून मांडीवर घेऊन घसरू नये.

नातीने फिरत्या घोड्यांवर तीन फेऱ्या मारल्या. वॉल्ट डिस्ने सांगत असत, की आपल्या मुली अशाच फिरत्या घोड्यांवर बसलेल्या असताना स्वतः बाकावर बसून वाट पाहण्याचा त्यांना कंटाळा आला, आणि पालक-मुलांनी मिळून आनंद घ्यावा अशा जागेची कल्पना तेथे सुचली. त्यांचे डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियात उघडले. त्या दिवशी ऊन इतके कडक होते, की नव्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतल्या. आणि प्यायच्या पाण्याचे नळ पुरेसे चालू नव्हते, म्हणून लोक संतापले. कल्पनेची नगरी उभारणाऱ्यांनाही पहिल्याच दिवशी पाण्याचा धडा मिळाला, तर आपण कोण?

आम्ही घड्याळ लावले होते. दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाणी, तहान असो वा नसो. बारा किलोच्या मुलाला एरवीही अन्नातील द्रव धरून दिवसाला सुमारे १.१ लिटर लागते. उन्हात त्याहून अधिक. बाबागाडीवर उन्हासाठी जाड दुपटे अंथरू नये. आत हवा कोंडते आणि गाडीची भट्टी होते. रुंद काठाची टोपी, सैल सुती कपडे आणि प्रत्येक तासाला दहा मिनिटे सावली एवढे पुरते. मोठ्या ध्वनिवर्धकांपासून दूर बसावे. मुलाने कानांवर हात ठेवले, तर ते नखरे समजू नयेत.

खाण्याबाबत बहुतेक उद्यानांचे नियम कडक असतात. लहान मुलाचे अन्न आत नेता येईल का, हे आधी विचारावे. पॉपकॉर्न, शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षे चार-पाच वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, चालत्या गाडीत किंवा धावताना तर नाहीच. ती श्वासनलिकेत अडकतात. खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

गर्दीत मूल हरवते ते दोघांच्या मध्ये. बाबांना वाटते ते आईजवळ आहे, आईला वाटते ते बाबांजवळ. आमच्या घरी शब्द ठरला होता: "आता माझ्याकडे." हे म्हटल्याशिवाय कोणी हात सोडायचा नाही. नातीच्या सदऱ्याच्या आत फोन क्रमांकाची चिठ्ठी शिवली होती आणि सकाळीच तिचे त्या दिवसाच्या कपड्यांतील छायाचित्र काढले होते.

सोबत काय, आणि परत केव्हा

पिशवीत औषधे थोडी असावीत: जलसंजीवनीची दोन पाकिटे, तापाचे औषध आणि त्याची वजनानुसार मात्रा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घेतलेली चिठ्ठी, नेहमीचे औषध असल्यास तेही. जलसंजीवनीच्या पाकिटावर जेवढे पाणी लिहिले असेल, तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट एकदम घालावे. पेलाभर पाण्यात चिमूट टाकू नये. तयार द्रावण २४ तासांनंतर फेकून द्यावे. तिच्या नावाशी मिळतीजुळती नावे असलेली गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे.

निघण्याच्या दिवशी ताप, जुलाब किंवा उलट्या असतील, तर सहल पुढे ढकलावी. जुलाब झालेल्या मुलाला जलउद्यानात नेणे इतर मुलांवरही अन्याय आहे. आणि उद्यानात असताना मूल सुस्त पडले, सहा तासांत लघवी झाली नाही, रडताना अश्रू येईनासे झाले, तर सहल तिथेच संपली असे समजावे. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, थोडे थोडे द्रव द्यावे आणि डॉक्टर गाठावा. अंग तापलेले असून मूल झापडलेले असेल किंवा नीट ओळखत नसेल, तर ओल्या फडक्याने अंग पुसत, वारा घालत तत्काळ रुग्णालयात न्यावे. अशा मुलाच्या तोंडात पाणी ओतू नये.

आम्ही एकला पाच मिनिटे असताना बाहेर पडलो. कितीतरी खेळ पाहायचे राहिले. मुलाने एकदा मागे वळून सर्वांत उंच चढाच्या गाडीकडे पाहिले, मीही पाहिले. नात त्याच्या खांद्यावर पेंगत होती. मला क्षणभर तीस वर्षांपूर्वीचा माझा खांदा आठवला आणि मी पुढे होऊन तिचे ओठ पाहिले. ओले होते, कडेला केळे लागलेले होते.

गाडीपाशी मुलाने तिला आडवे करून लंगोट बदलला. तो हातात तोलून तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाबा, चांगला जड आहे."

वाचकहो, आपल्या पहिल्या सहलीचा हिशेबही असाच मांडा. तिकिटावरचे खेळ पुढच्या वर्षीही तेथेच असतील.