डोळे उघडे, मेंदू झोपलेला: रात्रीचा प्रवास, ड्रायव्हरची झोप आणि कायदा



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात १ जुलै २०२३ ची पहाट कोणी विसरलेलं नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी ट्रॅव्हल्स रात्री दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर उलटली आणि पेटली. बसमध्ये ३३ जण होते, त्यातले २५ गेले. बस दाराच्या बाजूवर आडवी झाली होती, त्यामुळे दारच बंद झालं. जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. मृतदेहांची ओळख पटवणं इतकं अवघड होतं की बहुतेकांवर बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. त्याच महिन्याच्या शेवटी, २९ जुलैला, मलकापूरजवळ दोन ट्रॅव्हल्स समोरासमोर धडकल्या आणि आणखी ६ जण गेले.

अशा अपघातानंतर रस्ता, टायर, वेग यांवर खूप चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण डॉक्टर म्हणून मला एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे, ज्यावर आपण फार कमी बोलतो. ती म्हणजे झोप. वरच्या दोन अपघातांचं कारण झोपच होतं असं मी म्हणत नाही, तो तपासाचा विषय आहे. पण रात्री धावणाऱ्या प्रत्येक गाडीत हा धोका बसलेला असतो.

रात्री दोन ते पाच शरीरात काय होतं?

आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं. रात्री दोन ते पाच या वेळेत ते शरीराला झोपेकडे ओढतं. शरीराचं तापमान उतरतं, प्रतिक्रिया मंदावते. माणूस कितीही सवयीचा असला तरी ही ओढ पूर्ण जात नाही. त्यात रस्ता सरळ, सिमेंटचा, ना गाव ना चौक ना वळण, मग मेंदूला जागं राहायला काही कामच उरत नाही.

अशा वेळी येते ती काही सेकंदांची डुलकी. कधी कधी डोळे उघडे असतात, पण मेंदू झोपलेला असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे ११० मीटरपेक्षा जास्त अंतर गाडी कोणीच चालवत नसतं. झोपलेला माणूस ब्रेकही मारत नाही, म्हणून हे अपघात जास्त भीषण होतात.

आता एक तुलना बघा. दारू पिऊन गाडी चालवण्याची आपल्या कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी आहे. सलग १७ तास जागा असलेला माणूस ज्या मंदपणे प्रतिक्रिया देतो, तो मंदपणा साधारण ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतका असतो, असं संशोधनात दिसलं आहे. म्हणजे सकाळी सहाला उठलेला, दिवसभर घरची कामं करून रात्री स्टिअरिंगवर बसलेला ड्रायव्हर अकरा वाजताच या टप्प्याला पोचतो. पोलीस त्याच्या तोंडाला मशीन लावतील, शून्य येईल. झोप मोजणारं मशीन नाक्यावर नाही.

कायदा काय म्हणतो?

कायदा नाही असं नाही. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा २०२५ पर्यंत लागू होता. ड्रायव्हरला साधारणपणे दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं त्यात लिहिलं होतं. कामाचे तास पाळण्याचं बंधन मोटार वाहन कायद्यातही आहे. पण वेग कॅमेऱ्यात दिसतो, दारू मशीनवर दिसते, सीट बेल्ट डोळ्यांना दिसतो. जागरण कुठेच दिसत नाही, म्हणून ते सुटतं.

या साखळीत आम्ही डॉक्टरही आहोत. व्यावसायिक वाहनाच्या लायसन्ससाठी फॉर्म १-अ नावाचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. नूतनीकरण दर ५ वर्षांनी असतं. माझ्या दवाखान्यात हा फॉर्म घेऊन येणारे बहुतेक जण दारातूनच सांगतात, "सायेब, मले काय झालं? निसती सही पायजे."

मी म्हणतो, "बसा भाऊ, सही करू, आधी बीपी तर बघू."

त्या फॉर्ममध्ये नजर, लाल-हिरवा रंग, २५ मीटरवरची नंबर प्लेट, ऐकू येणं, रातांधळेपणा, हातापायातलं व्यंग हे सगळं विचारलं आहे. झोपेबद्दल एकही प्रश्न नाही. म्हणून तो मी माझ्या मनाने विचारतो. घोरता का? झोपेत श्वास अडकून दचकून उठता का? दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का? जाड मान, वाढलेलं पोट, न आटोक्यात येणारं बीपी आणि मोठं घोरणं हे एकत्र दिसलं तर स्लीप ॲप्नियाची शंका येते. या आजारात माणूस आठ तास झोपूनही रात्रभर जागल्यासारखा थकलेला असतो. तपासणी आहे, उपचार आहे, आणि उपचारांनंतर तो सुरक्षितपणे गाडी चालवू शकतो.

काही जण चिडतात. एक ड्रायव्हर मला म्हणाला, "लायसन अडकलं तर पोरं काय खातील?" प्रश्न खोटा नाही. पण त्याच्या मागे तीस जण झोपलेले असतात आणि सर्वांत पुढे तो स्वतः असतो. म्हणून हा बोजा एकट्या ड्रायव्हरवर टाकून चालणार नाही. फॉर्ममध्ये झोपेचे दोन-तीन प्रश्न यायला हवेत, आणि लांबच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर खरोखर झोपू शकेल अशी जागा हवी.

तुम्ही काय करू शकता?

ड्रायव्हर असाल तर:
- रात्रपाळीआधी दुपारी नीट झोप घ्या.
- एकच रस्ता चुकल्यासारखं वाटणं, गेले दोन किलोमीटर आठवत नसणं, मान लचकणं ही डुलकीची लक्षणं आहेत. खिडकी उघडणं किंवा गाणी लावणं हा उपाय नाही. सुरक्षित जागी थांबा, चहा-कॉफी घ्या आणि लगेच २० मिनिटं झोपा.
- सर्दी-खाजेच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. औषध घेताना "मी गाडी चालवतो" हे डॉक्टरांना सांगा.
- इन्सुलिन घेत असाल तर उपाशीपोटी गाडी चालवू नका.

प्रवासी असाल तर:
- बसताना इमर्जन्सी खिडकी आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे ते बघून ठेवा.
- आगीत ज्वाळेआधी धूर मारतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि काही मिनिटांत शुद्ध जाते. सामान शोधू नका, खाली वाकून बाहेर पडा.
- बेल्ट असेल तर लावा, झोपतानाही.

अपघात दिसला तर:
- १०८ लावा. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. आगीचा धोका नसेल तर ओढून काढू नका.
- घाबरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्ती नाही, दवाखाना तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही.
- मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा.

आणि पुढच्या वेळी रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढताना एसी आहे का, चार्जिंग आहे का हे विचारतो तसंच एक विचारा: "भाऊ, ड्रायव्हर किती आहेत?" शंभर जणांनी विचारलं की मालकाला उत्तर तयार ठेवावं लागेल.

काळजी घ्या, आणि झोप पुरी करा.