हेराल्डचा नवा कॅमशाफ्ट

आमच्या दिवंगत वडिलांची १९६९ सालची स्टँडर्ड हेराल्ड मोटार उमरग्याच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये कित्येक वर्षे उभी होती. गेल्या वर्षी आमच्या पुतण्याने तिला पुन्हा रस्त्यावर आणण्याचा निश्चय केला. इंजिन उघडले तेव्हा कॅमशाफ्टचा एक उंचवटा झिजून जवळजवळ सपाट झालेला आढळला. कॅमशाफ्ट बदलणे भागच होते; प्रश्न होता तो कोणता घ्यावा, एवढाच. परंतु त्या एका प्रश्नावर आमच्या घरात दोन महिने वाद चालला.

पुतण्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. मद्रासच्या कारखान्यात तयार होणारी ही मोटार म्हणजे इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची भारतीय आवृत्ती. त्याच हेराल्डच्या सांगाड्यावरून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार काढली. दोन्हींचे रूप रेखाटणारा इटालियन कलावंत एकच, जिओव्हानी मिकेलोत्ती. इंजिनेही एकाच कुळातली. आमचे ९४८ घन सेंटीमीटरचे, पहिल्या स्पिटफायरचे ११४७. "काका, आपली गाडी स्पिटफायरची सख्खी बहीण आहे. तिला एकदा शर्यतीचा कॅम बसवून तर बघू!" असे तो वारंवार म्हणे.

ज्यांनी इंजिनाचे अंतरंग कधी पाहिले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. व्हॉल्व्ह केव्हा, किती वेळ आणि किती उघडावा, हे त्यावरील उंचवटे ठरवितात. ही मुदत क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजतात. घरगुती मोटारीत ती २५० अंशांच्या आसपास असते; शर्यतीच्या कॅममध्ये ३०० च्या घरात जाते. इंजिन अतिवेगाने फिरत असता आत शिरणाऱ्या हवेला मोठी गती असते. पिस्टन वर येऊ लागला तरी ती आत येतच राहते. म्हणून व्हॉल्व्ह उशिरा मिटला तर सिलिंडर अधिक भरतो व ताकद वाढते. परंतु तोच कॅम मंद गतीत घातक ठरतो. आत आलेले मिश्रण मागे ढकलले जाते, जळका धूर ताज्या मिश्रणात मिसळतो, उभ्या जागी इंजिन अडखळते आणि ओढ नाहीशी होते. त्याला जोड म्हणून कॉम्प्रेशन वाढवावे, स्प्रिंगा कडक घ्याव्यात, कार्बोरेटर बदलावा, असे एकामागून एक सारे ओघाने येते.

आमच्या शेजारच्या सोलापुरात १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशोदेशींच्या मोटारींसाठी कॅमशाफ्ट घडविते. पण आम्हांला हवा होता एका म्हाताऱ्या इंजिनासाठी एकच नग. असे सुटे भाग इंग्लंडमध्ये अजून मिळतात. पुतण्याने तेथील शर्यतीच्या कॅमची मागणी नोंदविण्याची तयारीही केली होती. त्या रात्री आम्ही त्याला, त्याच्या जन्मापूर्वीची एक गोष्ट प्रथमच सविस्तर सांगितली.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. तेव्हा उस्मानाबाद म्हटल्या जाणाऱ्या आमच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरही त्यात जमीनदोस्त झाले. उजाडताच वडिलांनी हेराल्ड बाहेर काढली. आम्ही त्यांच्या शेजारी बसलो होतो. वाटेवर दगडमातीच्या भिंतींचे ढीग पडलेले, मागच्या आसनावर तीन जखमी, त्यांतील एक लहान मुलगी. माणसाच्या चालीहूनही मंद अशी ती मोटार ढिगाऱ्यांतून वाट काढीत होती. एकदा जरी इंजिन बंद पडले असते, तर ते पुन्हा सुरू होईल याची शाश्वती नव्हती. ते बंद पडले नाही. सोलापूरच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत तिघांचाही श्वास चालू होता.

पुतण्या बराच वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, "आजोबा कोणत्या गिअरमध्ये होते?"

"पहिल्या. क्वचित दुसऱ्या."

त्यावर वाद उरला नाही. आम्ही २५६ अंशांचा सौम्य कॅम निवडला; पूर्वीपेक्षा किंचित चपळ, पण खालची ओढ राखणारा. त्याच्यासोबत टॅपेटही नवे घेतले, कारण जुने टॅपेट नव्या कॅमला खातात. आधुनिक तेलांत जस्ताचे प्रमाण कमी असते, म्हणून जुन्या इंजिनांसाठी असलेले तेल मागविले. पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन मंद होऊ न देता, मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेऱ्यांवर वीस मिनिटे चालविले. नवा कॅम आणि टॅपेट याच वेळात एकमेकांशी जुळतात. ती वीस मिनिटे पुतण्या हात जोडून उभा होता, हे त्याच्या लक्षातही आले नसावे.

पहिल्या रविवारी आम्ही दोघे सास्तूरला गेलो. गाव आता नव्या जागी, रुंद रस्त्यांवर वसले आहे. जुन्या गावाच्या वाटेला लागताच, आम्ही काही न सांगता, त्याने मोटार पहिल्या गिअरमध्ये घेतली.