हरवलेला सापळा

लहानपणी भाट्याच्या खाडीत मी कुर्ल्या पकडायला जाळीचा सापळा टाकला. आत माशाचं डोकं बांधलं, पण दोरीला बोया लावायचा मात्र कंटाळा केला! भरती आली, दोरी बुडाली आणि सापळा काही दिसेचना. मी रडतच घरी आले.

चार दिवसांनी, अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला तो सापडला. आत तीन कुर्ल्या मेलेल्या, आणि त्यांच्या वासाने शिरलेली चौथी अजून जिवंत! तेव्हा कळलं, हरवलेला सापळा थांबत नाही. त्यात मेलेली कुर्लीच पुढचं आमिष होते.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये हौसेने टाकलेल्या सापळ्यालाही मालकाचं नाव लावावं लागतं, तसा नियमच आहे.

त्या चौथीला मी सोडून दिलं. तुम्ही सापळा टाकाल, तेव्हा आधी बोया बांधा, बरं का!