स्लोचा सूर आणि घाटाचा जोर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने ज्ञानेश्वरीच्या गावात बसून कार्बोरेटरवर लिहावे, याचे मराठीच्या सरांना नवल वाटेल. पण माझा मामा नेवाशात मोटार मेकॅनिक आहे आणि त्याच्याकडे १९९४ सालची एक ओम्नी आहे. मागचे बाक काढून तिथे फळीचा पलंग, खाली स्टोव्ह, कोपऱ्यात पाण्याचा पिंप. आषाढात ती गावच्या दिंडीमागून पंढरपूरला जाते. पाय दुखणाऱ्या म्हाताऱ्या तीत झोपतात. परदेशात अशा गाडीला कॅम्पर व्हॅन म्हणतात. फोक्सवॅगनची व्हॅन १९५० साली निघाली, पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तीत बिछाना-चूल बसवायला सुरुवात केली, आणि आज तिचे शौकीन ती जुनी इंजिने जिवापाड जपतात. आमची त्याच जातीची, फक्त गरिबाघरची.

गेल्या उन्हाळ्यात मामाने ती भंगारात द्यायचे ठरवले. नगरकडे जाताना इमामपूरचा घाट ती चढेना. ‘इंजिन बसलं’ असा गावातल्या जाणत्यांचा निकाल. इंजिन नव्याने बांधायचे तर गाडीच्या किमतीइतका खर्च.

मामाचे ट्युनिंग कानाचे. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण ठरवणारा बारीक स्क्रू तो आत फिरवतो, इंजिन अडखळू लागले की थांबतो. मग बाहेर फिरवतो, ते घुमायला लागले की पुन्हा थांबतो. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी सूर लागतो. मग दुसऱ्या स्क्रूने स्लो खाली आणायचा. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते, आणि पूर्ण जोर हवा असेल तेव्हा हवा बारा-तेरा भागांवर येते, हे मी पुस्तकात वाचले. मामाने ते कधी वाचले नाही, त्याचे अडलेही नाही.

पण तीस-पस्तीस वर्षे इंजिनांच्या आवाजात काढलेला तो कान आता थकला आहे. खिशातला मोबाईल वाजला तर मामाला तो कळत नाही. हल्ली तो स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावतो आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवतो. घरात हे सर्वांना माहीत आहे. बोलत कोणी नाही. गाडी विकण्याची घाई इंजिनापेक्षा या कानामुळे आहे, असे मला वाटत होते.

म्हणून मी मोजायचे ठरवले. अश्वशक्ती हा शब्द आपण विहिरीवरच्या मोटारीमुळे ओळखतो. पंचाहत्तर किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. आजोबांच्या मोटेची शक्तीही तशीच काढता आली असती: पाण्याचे वजन, विहिरीची खोली आणि बैलांना लागलेला वेळ. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत इंजिन डायनॅमोमीटरला जोडून मोजतात. आमच्याजवळ उसाचा वजनकाटा होता आणि मोबाईलमधले घड्याळ.

काट्यावर आम्हा तिघांसकट गाडी १,००० किलोच्या आसपास भरली. पहाटे शेवगाव रस्त्याच्या सरळ, मोकळ्या पट्ट्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० वरून ६० ला यायला किती सेकंद लागतात ते घेतले. वाऱ्याचा आणि उताराचा दोष जावा म्हणून जाताना एकदा, येताना एकदा. सरासरी दहा सेकंद. मग क्लच दाबून ६० वरून ४० वर आपोआप उतरायला किती लागतात तेही पाहिले: बावीस. पहिल्या आकड्यातून वेग वाढवायला लागलेली शक्ती निघते, साडेदहा. दुसऱ्यातून वारा आणि चाके खातात ती, पावणेपाचच्या थोडी वर. चाकांवर एकूण सव्वापंधरा अश्वशक्ती. कंपनीचा आकडा पस्तीसच्या पुढचा आहे; पण तो मिनिटाला पाच हजार फेऱ्यांचा, आणि वाटेत गिअरबॉक्सही आपला वाटा घेतो. कंपन्यांच्या आकड्यांना फार भुलू नये. अमेरिकेत साधारण १९७२ पर्यंत पंखा, सायलेन्सर वगैरे काढून मोजलेली शक्ती जाहिरातीत छापत.

मामा म्हणाला, “स्लो तर एकदम सुरात आहे. घड्याळाला कान असतात का, भाचेबुवा?”

स्लो खरोखरच सुरात होता. पण स्लोचा स्क्रू उभ्या गाडीपुरता. घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर त्याची सत्ता जवळपास संपते. तिथे मोठा जेट, फ्लोटची पातळी आणि हवेची वाट यांचे राज्य. मामा थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने प्लग काढले. तिन्ही काजळीसारखे काळे. चांगल्या मिश्रणात ते बिस्किटाच्या रंगाचे हवेत. एअर फिल्टर उतरवला, तर चोकची झडप अर्धवट तिरकी! केबलचे आवरण सरकल्यामुळे ती पुरती उघडतच नव्हती. आणि मामाच्या हातांनी त्या कोंडलेल्या हवेशी जुळवून स्लो इतका नेमका लावला होता, की उभ्या गाडीत दोष ऐकूच येऊ नये. हे काम थकल्या कानाचे नव्हे, असे मी म्हणालो. त्याने ऐकले की नाही कोण जाणे.

केबल बसवून, प्लग पुसून, स्लो नव्याने लावून पुन्हा शेवगाव रस्ता. आठ सेकंद. अठराला जराशी कमी अश्वशक्ती. नवे काहीच मिळाले नव्हते; होते तेच परत आले. आषाढात म्हाताऱ्या घाट चढून गेल्या.

फोक्सवॅगनच्या १७०० सीसी इंजिनाला दोन कार्बोरेटर असत आणि दोन्हींचा श्वास सारखा करायला लोक रबरी नळीचे एक टोक त्यांच्या तोंडाशी, दुसरे कानाला लावत, हे मी मामाला सांगितले तेव्हा तो खूष झाला. म्हणजे साहेबही वैद्यच!

आता ट्युनिंग झाले की तो आधी स्क्रूड्रायव्हर हाडावर टेकवून आकडा सांगतो, मग आम्ही मोजायला जातो. मागच्या खेपेस त्याने सव्वाआठ सांगितले. घड्याळात साडेआठ आले.

“वारा होता,” मामा म्हणाला.