डोहाची ओळख

बल्लारशाहून काझीपेठेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील बेल्लमपल्ली हे कोळशाच्या खाणींनी नावारूपास आणलेले गाव. २०१६ सालापर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता मंचिर्याल जिल्ह्यात मोडते. आमच्या मावशींची सारी हयात तेथेच गेली. त्या तापट गावातील माणसांना पाण्याची ओढ भारी. पावसाळा सरत आला की कोणीतरी धबधब्याची सहल ठरवतोच.

ठिकाणेही तशीच मनोहर आहेत. निर्मळच्या डोंगरांतून वाहणारी कडेम नदी नेरडिगोंड्याजवळ कुंतला येथे सुमारे ४५ मीटर खाली झेप घेते. दुष्यंताच्या शकुंतलेवरून हे नाव पडले, असे लोक सांगतात. कपारीत सोमेश्वर आहे. महाशिवरात्रीस तेथे मोठी गर्दी लोटते. जवळच पोचेरा. त्याची उंची कुंतल्याच्या निम्म्याहून कमी, परंतु विस्तार मोठा आणि पायथ्याचा डोह खोल.

काही वर्षांपूर्वी आश्विनात आम्ही सहकुटुंब पोचेऱ्यास गेलो होतो. आमचा पुतण्या पट्टीचा पोहणारा. विहिरीत काठावरून सूर मारून तळाची माती आणणारा. डोह पाहताच त्याने सदरा उतरवला. त्याच्या पोहण्याचा आम्हांसही अभिमान. "जा, पण लवकर ये," असे म्हणून आम्ही मोकळे झालो.

मावशी मात्र उठल्या. त्यांनी पळसाची एक पालेदार डहाळी मोडली आणि पाण्यात टाकली.

"बाळा, ही कुठे जाते ते आधी बघ."

आम्हांस वाटले, डहाळी प्रवाहाबरोबर दूर जाईल. ती काठाकाठाने उलट धारेकडेच सरकली, पांढऱ्या फेसात शिरली आणि दिसेनाशी झाली. बऱ्याच वेळाने पलीकडे वर आली, आणि पुन्हा धारेकडेच ओढली गेली.

"आजी, ही बाहेर का येत नाही?" पुतण्याने विचारले.

"माझा धाकटा भाऊही आला नाही," मावशी म्हणाल्या. "तुझ्यासारखाच पोहायचा."

पन्नास वर्षे उराशी धरलेली ती गोष्ट त्यांनी आमच्यासमोर प्रथमच उच्चारली. पुतण्याने मुकाट्याने सदरा घातला. आम्ही मात्र खाली पाहत राहिलो. परवानगी आम्हीच दिली होती ना!

विहिरीचे पाणी आणि धबधब्याचे पाणी यांत फार अंतर आहे. उंचावरून आदळणारी धार तळाशी जाते, आणि तिची जागा भरून काढण्यास आसपासचे वरचे पाणी तिच्याकडे धाव घेते. फेसाळ पाण्यात हवाच अधिक, म्हणून ते अंग पेलत नाही. हातपाय मारूनही माणूस वर राहत नाही. भर म्हणून खडकांवर शेवाळ. शिवाय डोंगरात वर पाऊस झाला, तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो. जुलै २०२२ मध्ये याच नदीच्या कडेम धरणात दारांतून सोडता येण्यापेक्षा अधिक पाणी आले होते. ज्यांनी ते पाहिले, त्यांस वेगळे सांगावयास नको. कुंतल्याच्या डोहाने तर आजवर कितीतरी तरुण गिळले आहेत. तेथे पाहावे, तुषार अंगावर घ्यावेत आणि परतावे.

मग स्नानाची हौस भागवावी कोठे? परतीच्या वाटेवर मावशींनीच आम्हांस गूडेमला नेले. टेकडीवर सत्यनारायणाचे मंदिर, खाली गोदावरी. काठच्या माणसांस आधी विचारले, "आज पाणी कसे आहे? उतार कोठे?" त्यांनी दाखविलेल्या जागी, कमरेएवढ्या पाण्यात, आम्ही सारे मनसोक्त डुंबलो.

मावशी मात्र पायरीवर बसून पुतण्याचे डोके पाण्यावर दिसते की नाही, एवढेच पाहत होत्या. तो बाहेर आला तेव्हा त्यांनी आपल्या पदराने त्याचे केस पुसले. आणि मगच स्वतः नदीत पाय घातले.