सव्वापाचची गाडी

आमच्या गावाहून शेजारच्या गावाला जाणाऱ्या रेल्वेगाड्यांचं वेळापत्रक मला तोंडपाठ आहे. यात माझ्या स्मरणशक्तीचं कौतुक करण्यासारखं काही नाही. गाड्याच तीन आहेत. येतानाही तीन. त्यांतल्या माझ्या उपयोगाच्या म्हणाल तर सकाळी पावणेआठला जाणारी. आणि परतीला दुपारी पावणेतीनची किंवा रात्री सव्वानऊची. बँकेतल्या माणसाने रोज दुपारी पावणेतीनला घरी निघायचं ठरवलं तर त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात, आणि रोज रात्री सव्वानऊला निघायचं ठरवलं तर घरची माणसं त्याला वेगळ्याच नावाने ओळखू लागतात. आमची शाखा आटोपते पाचला. म्हणजे मला हवी सव्वापाचची गाडी. ती नाही.

मधल्या वेळात रुळांवरून काही जात नाही असं नव्हे. चांगल्या लांबलचक एक्सप्रेस जातात. पण त्या आमच्याकडे थांबत नाहीत. श्रीमंत नातेवाइकांसारख्या शिटी वाजवून, दिवे दाखवून, पुढे मोठ्या शहराकडे निघून जातात. मग आम्ही संध्याकाळी एसटी पाहतो, एसटी भरलेली असली तर वडाप पाहतो. वडापात नऊ माणसांच्या जागेत सोळा बसली की हिशेब जुळतो. मासिक पास मात्र मी रेल्वेचा काढतो. पास जाण्या-येण्याचा, वापर फक्त जाण्याचा. आमच्या बँकेच्या भाषेत याला अनुत्पादक मालमत्ता म्हणतात.

आता कुणी म्हणेल, की रेल्वेचं काम तुम्हाला काय कळणार? तर तेवढं अगदीच अनोळखी नाही. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असावी लागते. जुन्या पद्धतीत त्यासाठी स्टेशनात एक यंत्र असे. त्यातून निघालेला लोखंडी गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे, आणि एक गोळा बाहेर असला की दोन्ही स्थानकांच्या यंत्रांतून दुसरा निघतच नसे. आमच्या तिजोरीच्या दोन किल्ल्यांसारखंच. एक मॅनेजरांकडे, एक हेड कॅशियरांकडे, दोघांतला एक रजेवर असला की लक्ष्मी आत आणि आम्ही बाहेर. आता पुष्कळ ठिकाणी गोळा जाऊन विजेचे संकेत आले, पण मूळ तत्त्व तेच. समोरून गाडी येत असली की एकीने लूप लाईनला बाजूला उभं राहायचं. आणि कोणी उभं राहायचं हे संसारासारखंच आधी ठरलेलं असतं. पॅसेंजरने.

सुधारणा म्हणून आमच्याकडे होत नाही असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. रुळांची रुंदी हा तर आमच्या भागाचा खास प्रांत. मोठ्या कंपनीची मुख्य लाईन बार्शी टाळून गेली, तेव्हा १८९७ साली कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाईट रेल्वे सुरू केली. रूळ अडीच फूट रुंदीचे. गाडी लहान, पण जिद्द मोठी. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. पुढे पुण्याकडून मिरजेपर्यंत मीटर गेजची ब्रॉड गेज झाली, तेव्हा मिरज जंक्शनात तिन्ही रुंदीचे रूळ एकाच वेळी नांदू लागले. थोरला, मधला, धाकटा, जणू एकत्र कुटुंब. पुढे मधला गेला आणि या शतकाच्या पहिल्या दहाबारा वर्षांत धाकटाही गेला. बार्शीची वाटही ब्रॉड गेज झाली. मग विजेच्या तारा आल्या. पुणे-मिरज मार्गाचं दुहेरीकरण हाती घेतलं गेलं. २०२४ च्या सप्टेंबरात पुणे-कोल्हापूर वंदे भारतही सुरू झाली. आठवड्यातून तीन दिवस जाणारी, तीन दिवस येणारी. गाडी देखणी आहे, यात वादच नाही.

पण एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. रूळ रुंद झाले, तारा आल्या, काचा मोठ्या झाल्या, आणि वेळापत्रकाचा तो कागद मात्र जवळजवळ तसाच राहिला. हे म्हणजे शाखेला संगमरवर बसवायचा, वातानुकूलन करायचं, आणि खिडकी एकच उघडी ठेवायची, तीसुद्धा रात्री सव्वानऊला.

यावर उत्तर ठरलेलं असतं: संध्याकाळच्या बाजूला प्रवासी नाहीत. सव्वानऊच्या गाडीत पाहा, डबे रिकामे. खरं आहे. मी स्वतः पाहिलेत. पण याच न्यायाने आम्ही ‘पासबुक भरून मिळण्याची वेळ रात्री बारा ते दोन’ अशी पाटी लावावी आणि महिनाअखेरीस वर कळवावं, की ग्राहकांना पासबुकात रस उरलेला नाही. गाडी नाही म्हणून प्रवासी नाहीत, प्रवासी नाहीत म्हणून गाडी नाही. कर्जाचं तसंच आहे. ज्याला गरज आहे त्याच्याकडे तारण नसतं, आणि ज्याच्याकडे तारण असतं तो कर्ज नको म्हणतो. वीस वर्षं मी हे काउंटरच्या आतून पाहतो आहे, त्यामुळे स्टेशनवर ते मला लगेच ओळखू येतं.

त्यात २०२० च्या मार्चमध्ये देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा कित्येक साध्या पॅसेंजर कागदावर एक्सप्रेस झालेल्या होत्या. डबे साधेच, भाडं तेवढं वेगवान. दहा रुपयांचं किमान तिकीट तीसवर गेलं, ते २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा दहावर आलं. चार वर्षांत जो वडापाकडे गेला, तो परत आलाच असेल असं नाही. माणूस एकदा सोळावा म्हणून बसायला शिकला की त्याला मोकळ्या जागेत करमत नाही.

आता हे सगळं मी हसत लिहितो आहे, कारण मला वडाप परवडतं. आमच्या शाखेतल्या शिपाईमामांना परवडत नाही, आणि परवडलं तरी उपयोग नाही. त्यांची वाडी दोन गावांच्या मधल्या लहान स्टेशनाला लागून. एसटीचा फाटा तिथून तीन किलोमीटर, दोन्ही बाजूंना ऊस. मामांची थोरली मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. पेढे वाटले. मी विचारलं, “काय मामा, सायन्स ना?”

मामा म्हणाले, “न्हाई साहेब, कॉमर्स.”

“का? शास्त्रात तर नव्वदच्या वर आहेत म्हणालात!”

“सायन्सचं प्रॅक्टिकल पाचला सुटतंय. पावणेतीनची गाडी गेलेली असती. अंधारात उसातनं तीन किलोमीटर पोर चालवू व्हय? कॉमर्स सकाळचं असतंय. एकला सुटली की गाडीपातूर डबा खाऊन हुतो.”

मीसुद्धा कॉमर्सचाच. पण मी मार्कांमुळे गेलो होतो. वेळापत्रकामुळे कॉमर्सला गेलेली मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली. कॉमर्स वाईट नव्हे. त्याच्यावर माझं घर चालतं. पण शाखा निवडायचा अधिकार मुलीचा, फार तर बापाचा. पावणेतीनच्या गाडीला तो कुणी दिला?

त्या दिवसापासून मी दुसऱ्या देशांतले लोक कशाने घरी जातात याची चौकशी करू लागलो. योगायोगाने माझे मेहुणे स्वित्झर्लंडची सहल करून आले होते. त्यांनी आम्हाला बर्फाचे चारशे फोटो दाखवले. त्यांतल्या दोन-तीन फोटोंत मेहुण्यांच्या मागे स्टेशनचं घड्याळ होतं. सौभाग्यवती भावाकडे पाहत होती, मी घड्याळाकडे. नंतर वाचलं ते असं. त्या देशाने १९८२ साली एक साधी गोष्ट केली: बहुतेक मार्गांवर तासाला एक गाडी, आणि दर तासाला त्याच मिनिटाला. वेळापत्रक पाठ करायला एक आकडा पुरे. १९८७ मध्ये पुढच्या सुधारणेसाठी चक्क जनतेचा कौल घेतला, आणि ती योजना २००४ च्या डिसेंबरात उभी राहिली. तिचं सूत्र फार शहाणपणाचं आहे. गाडी जमेल तितकी नव्हे, लागेल तितकी वेगवान हवी. झुरिक ते बर्न हे अंतर तासाच्या थोडं आत आणलं, आणि तेवढंच पुरे म्हटलं. कारण सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याआधी जंक्शनात जमायच्या, प्रवाशांनी फलाट बदलायचे, आणि ठोक्यानंतर सगळ्यांनी पांगायचं. बाजारच्या दिवशी बैलगाड्या जमतात ना, तसं.

आता आमच्याकडे पाहा. मिरजेत पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर-कुर्डुवाडी अशा चार दिशा मिळतात. कोल्हापूर तिथून जेमतेम पन्नास किलोमीटर. असं जंक्शन स्वित्झर्लंडवाल्यांना मिळालं असतं तर त्यांनी त्याच्यावर आणखी एक घड्याळ बसवलं असतं. आपल्याला फार काही नको. लांबलचक गाडी नको. दोन्ही टोकांना चालकाची खोली असलेली, इंजिन फिरवायला न लागणारी, आठ डब्यांची मेमू पुरे. तासाला नको, दोन तासांनी द्या. पण पाच वाजल्यानंतर एक द्या, आणि ती आली की एसटी स्टेशनाच्या दारात उभी असू द्या.

कुणी म्हणेल, हे आपल्याकडे जमायचं नाही. मी म्हणतो, जमतं. २०१६ च्या एप्रिलात लातूर तहानलं होतं. तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. आधी दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मग पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत ती लातूरला गेली. त्याच वाटेने, जिथे पूर्वी अडीच फुटांची धाकटी धावायची. कुणी विचारलं नाही की या मार्गावर पाण्याचे प्रवासी आहेत का. निकड पटली, गाडी निघाली. म्हणजे अडचण रुळांची नसते. निकड पटण्याची असते.

म्हणून मी एक अर्ज केला. दोन बाजूंना समास सोडून, विषय-संदर्भ घालून, कोष्टकासकट. कोष्टकात कॉलेजं, कचेऱ्या, बँका कधी सुटतात ते लिहिलं. पंधरा दिवसांत उत्तर आलं: आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. हे वाक्य मी स्वतः शेकडो ग्राहकांना पाठवलं आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको. पण मी हेही जाणतो, की तेच गिऱ्हाईक चौथ्यांदा आलं की आम्ही लेजर उघडतो. तेव्हा दर तिमाहीला अर्ज चालू आहे. आता त्यावर शाखेतल्या सगळ्यांच्या सह्या असतात, आणि सगळ्यांत वर मामांची.

मामांची धाकटी सातवीत आहे. तिला शास्त्र आवडतं. परवा शाखेत आली होती, तर नोटा मोजायच्या यंत्रात आत काय असतं हे विचारून तिने हेड कॅशियरांना घाम फोडला. अकरावीला अजून चार वर्षं आहेत. रेल्वेच्या हातात तेवढा वेळ आहे.