घाम वाळला पाहिजे

पुणेकराला आपल्या उन्हाचा अभिमान असतो. एप्रिलात पारा चाळिशीला टेकला की आमच्या सायकलवाल्यांच्या गटाला जोर चढतो. भर दुपारी कात्रज चढून खेड शिवापूरला जाऊन आलेल्याचा फोटो दिवसभर फिरत राहतो. मग कुणीतरी म्हणतं, "गोव्यात काय, पारा बत्तीसच्या वर जात नाही," आणि मंडळी तिथल्या ट्रायथलॉनची फी भरून मोकळी होतात. मी ही शर्यत स्वतः करते आणि नव्या लोकांची तयारीही करून घेते. पहिल्याच बैठकीत त्यांना सांगते की तो बत्तीसचा आकडा आधी डोक्यातून काढा. गोव्यात गाठ पडते ती हवेतल्या पाण्याशी.

घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम कातडीवर वाळला तर साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तोच घाम कोपरावरून ठिबकून रस्त्यावर पडला तर पाणी गेलं, मीठ गेलं आणि अंग होतं तेवढंच तापलेलं राहिलं. पुण्याच्या उन्हाळ्यात घाम आल्याचं कळायच्या आत वाळतो, घरी आल्यावर टी-शर्टवर मिठाचे पांढरे पट्टे तेवढे दिसतात. गोव्यात तो अंगावर बसून राहतो, ट्रायसूट चिकटतो, बुटात पाणी साठतं, आणि माणसाला वाटतं की एवढा घाम गेला म्हणजे शरीर थंड होत असणार.

या फसवणुकीवर उत्तर फार पूर्वीच शोधलं गेलंय. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलाच्या छावण्यांत कवायत करणारी पोरं उष्माघातानं कोसळायची. त्यावर उपाय म्हणून एक निर्देशांक तयार झाला. त्यात ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या आकड्याला ७० टक्के वजन असतं, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरला २० टक्के, आणि आपण रोज बातम्यांत ऐकतो त्या हवेच्या तापमानाला फक्त १० टक्के. आता पुण्यातली एप्रिलची दुपार घ्या. पारा ३९ वर आणि आर्द्रता १५ टक्के असली तर ओला थर्मामीटर २० च्या आसपास दाखवतो. गोव्यात ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली की तोच २७ च्या वर जातो. ज्याला ७० टक्के वजन आहे त्याच आकड्यात सात अंशांचा फरक पडतो. खेड शिवापूरचं शौर्य इथे फारसं उपयोगी पडत नाही.

गोव्यातली आयर्नमॅन ७०.३ पहिल्यांदा ऑक्टोबर २०१९ मध्ये झाली. मिरामारच्या किनाऱ्यावर समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, शेवटी २१.१ किलोमीटर धावायचं. एकूण ११३ किलोमीटर, म्हणजे ७०.३ मैल, म्हणून हे नाव. पूर्ण आयर्नमॅनच्या निम्मा पल्ला. उष्णतेच्या दृष्टीनं हा मधला पल्ला फार बेरकी आहे. छोट्या शर्यतीत अंग पुरतं तापायच्या आत शेवटची रेषा येते. पूर्ण आयर्नमॅनला माणूस धास्तावून पहिल्यापासून जपून जातो. मधल्या पल्ल्यात जोर लावायचा मोह होतो, आणि त्या जोराची किंमत चुकवायला पुढे दोन-तीन तास शिल्लक असतात.

सूर्याबद्दलही लोकांचा एक गैरसमज असतो. शर्यतीत आपल्याला तापवणारी सगळ्यात मोठी भट्टी आपल्याच मांड्यांत असते. पेडलवर १६० वॉट लावायचे तर शरीर साधारण ८०० वॉट खर्च करतं, कारण स्नायूंची कार्यक्षमता पाचातला एक भाग इतकीच. उरलेले ६४० वॉट उष्णता होऊन अंगातच राहतात. चालू इस्त्री पोटाशी बांधून तीन-साडेतीन तास सायकल चालवावी, तसा हा प्रकार आहे. एवढी उष्णता बाहेर काढायला दर तासाला जवळजवळ लिटरभर घाम नुसता येऊन चालत नाही, पूर्ण वाळावा लागतो.

म्हणूनच तंदुरुस्ती हे उष्णतेविरुद्धचं चिलखत नव्हे. जो जास्त जोर लावू शकतो तो जास्त तापूही शकतो. सप्टेंबर २०१६ मध्ये मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर ट्रायथलॉनच्या जागतिक मालिकेची अंतिम शर्यत होती. ब्रिटनचा जॉनी ब्राउनली सगळ्यांच्या पुढे होता आणि शेवटच्या काहीशे मीटरवर त्याचे पाय लटपटायला लागले. मागून आलेल्या त्याच्या भावानं, ॲलिस्टरनं, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला, त्याला ओढत नेलं आणि रेषेपलीकडे ढकललं. जिंकला तिसराच. महिनाभरापूर्वी रिओ ऑलिम्पिकमध्ये याच भावांनी सुवर्ण आणि रौप्य घेतलं होतं. त्यांच्या दमसासाबद्दल शंका घेणार कोण? दमट उकाड्यानं पदकं विचारात घेतली नाहीत.

शरीराला मात्र सवय लावता येते. दहा ते चौदा दिवस रोज तासभर अंग चांगलं तापवलं की रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुरू होतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि त्याच वेगाला नाडी खाली राहते. अडचण अशी की शर्यतीआधीच्या सप्टेंबरात पुण्यात पाऊस असतो आणि गारवाही. म्हणून आम्ही खोलीत ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारता येईल अशा स्टँडवर, सायकल लावतो, खिडक्या बंद करतो आणि पंखा बंद ठेवतो. लादीवर घामाचं थारोळं साचतं, घरचे दार उघडून बघतात आणि काही न बोलता दार लावून घेतात. हा सराव हलक्या जोरावरच करायचा, आणि घरात कुणी असतानाच. कमावलेली सवय दोन-तीन आठवड्यांत बरीचशी उतरते, त्यामुळे मे महिन्याच्या घामाच्या भरवशावर ऑक्टोबरात उभं राहता येत नाही.

याच काळात प्रत्येकाला मी वजनकाट्यावर उभं करते. व्यायामाआधी कोरड्या अंगानं वजन, तासाभरानं घाम पुसून पुन्हा वजन. माझे आकडे सांगते. आधी ५८.६ किलो, नंतर ५७.९, मधे अर्धा लिटर पाणी प्यायले. म्हणजे तासाला १.२ लिटर घाम. माझ्या शेजारी तोच व्यायाम करणाऱ्या धिप्पाड गड्याचा पावणेदोन लिटर निघतो. त्याला माझं वेळापत्रक लागू नाही आणि मला त्याचं. शिवाय जोर लावत असताना तासाला लिटरभराहून जास्त पाणी पुढे सरकवणं बहुतेक पोटांना जमत नाही. म्हणजे घामाची पूर्ण भरपाई व्हायचीच नाही, तूट किती राहू द्यायची एवढंच आपल्या हातात आहे.

बाटल्यांचं काम आदल्या रात्रीचं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात विनंती करून बाटल्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या, त्या अर्ध्याच भरून आणि आडव्या. सकाळी वरून पाणी भरलं की बर्फ बाटलीच्या एका बाजूला धरलेला असतो, तोंड मोकळं राहतं, आणि उन्हातही बराच वेळ घोट गार मिळतो. दोन बाटल्यांत साखर-मिठाचं पाणी, तिसरीत कोकमाचं आगळ. आगळात मीठ असतंच, आणि सकाळपासून गोड जेल चोखून तोंडाला मिठी बसलेली असताना ती आंबट-खारट चव फार कामाला येते. दर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, पण रक्त कातडीकडे आणि पायांकडे धावत असताना पोटाच्या वाट्याला कमी येतं. एकदम खाल्लं की उलटतं. थोडं थोडं, घड्याळ लावून, भूक नसताना खायचं. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ चाखायचा नाही.

पोहण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाणी कोमट असतं. २४.५ अंशांच्या वर वेटसूटला परवानगी नसते, आणि गोव्यात त्या हंगामात पाणी त्याहून बरंच गरम असतं. नवख्यांना लाटांची भीती वाटते. मला भीती वाटते ती पहिल्या तीनशे मीटरमध्ये हात मारत सुटणाऱ्यांची, कारण ते तापूनच पाण्याबाहेर येतात.

खरी परीक्षा सायकलवर, आणि ती संयमाची. तीस किलोमीटरच्या वेगानं जाताना वारा आपणच तयार करत असतो. घाम वाळतो, बरं वाटतं, चढावर पुढच्याला गाठावंसं वाटतं. एकदा सरावात आमच्यातला एक तरुण म्हणाला, "ताई, पॉवर तेवढीच आहे, पण हार्ट रेट पंधरानं जास्त दाखवतंय. घड्याळ बिघडलं वाटतं."

म्हटलं, "अरे, घड्याळ शहाणं आहे. रक्त कातडी थंड करायला चाललंय, म्हणून हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त वेळा धडधडावं लागतंय. तू पॉवर कमी कर."

"मग टायमिंगचं काय?"

"ते आपण धावताना बघू."

धावताना काय होतं त्याचं गणित साधं आहे. माझ्या वजनाच्या बाईला ताशी दहा किलोमीटर धावायला जवळजवळ सायकलइतकीच उष्णता तयार करावी लागते. वारा मात्र तीसचा दहावर आला. आणि समुद्रावरून येणारी झुळूक पाठीमागून, आपल्याच वेगानं वाहत असली तर अंगाला वारा असा लागतच नाही. धावण्याच्या वाटेवरच्या दोना पावलाच्या रस्त्यावर लोक एका दिशेनं जाताना ठीक दिसतात, वळून परत येताना त्यांचे चेहरे बदललेले असतात. रस्ता तोच, वाऱ्याची दिशा पालटलेली. सायकलवर वाचवलेले वीस वॉट इथे उपयोगाला येतात.

एड स्टेशनवर, म्हणजे वाटेत पाणी-बर्फाची टेबलं मांडलेली असतात तिथे, मी पळत नाही, चालते. हे ठरलेलं असतं, थकवा आलाय म्हणून नव्हे. पहिल्या टेबलावरून बर्फ घ्यायचा, मूठभर टोपीत, थोडा ट्रायसूटच्या गळ्यातून छातीवर, आणि एकेक खडा दोन्ही तळहातांत. तळहाताच्या कातडीखालून रक्त भरपूर आणि वेगानं वाहू शकतं, तिथे गारवा लावला की तो आत पोचतो. मग स्पंज. नवा माणूस तो डोक्यावर पिळतो, पाणी पाठीवरून थेट बुटात जातं, मोजे भिजतात आणि पुढच्या पाच किलोमीटरमध्ये टाचेला फोड येतात. स्पंज कपाळावरून मानेकडे ओढायचा, मग दोन्ही हातांवर खांद्यापासून मनगटापर्यंत फिरवायचा, पुढे किंचित वाकून, म्हणजे उरलेलं पाणी रस्त्यावर पडतं. शेवटी दोन घोट पाणी, नंतरच्या फेऱ्यांत कोला. यात अर्धं मिनिट जातं आणि पुढचे दोन किलोमीटर पदरात पडतात.

पाण्याचाही अतिरेक होतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीच्या खाली निघालं. त्याचा सगळ्यात ठळक संबंध शर्यतीत वजन वाढण्याशी होता, म्हणजे लोक घामाहून जास्त प्यायले होते. प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास साधं पाणी रिचवणाऱ्याला आपण शहाणपण करतोय असं वाटत असतं. बोटं सुजली, अंगठी घट्ट झाली, डोकं ठणकायला लागलं, पोटात पाणी डुचमळतंय असं वाटलं, की पिणं थांबवावं.

डोकं ताळ्यावर आहे का, हे ओळखायची माझी एक पद्धत आहे. धावताना दर दोन किलोमीटरला मी सतराचा पाढा म्हणते. सतरा साती एकशेएकोणीस पर्यंत बिनचूक गेले तर वेग तोच ठेवते. अडखळले तर नाडी कितीही असो, चालायला लागते. नाडी आणि वेग घड्याळ दाखवतं, पण मेंदू तापल्याचं दाखवणारं घड्याळ मी तरी पाहिलेलं नाही. उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं, घोषणा देणाऱ्या स्वयंसेवकाचा उगाच राग यायला लागला, हीही लक्षणंच. मात्र आपल्याला काही होतंय हे त्या अवस्थेत आपल्यालाच शेवटी कळतं, म्हणून ही नजर दुसऱ्यानं ठेवावी लागते.

तेव्हा शर्यतीला उभे राहणाऱ्यांना एवढीच विनंती. पुढचा माणूस नागमोडी चालू लागला, नाव विचारल्यावर भलतंच बोलू लागला, तर त्याला ओलांडून जाऊ नका. सावलीत बसवा, आरडाओरडा करून वैद्यकीय पथकाला बोलवा, आणि ते येईपर्यंत हाताला लागेल ते गार पाणी आणि बर्फ त्याच्या अंगावर घाला. उष्माघातात माणसाला आधी थंड करायचं असतं, दवाखान्यात नंतर न्यायचं असतं. यात तुमची दहा मिनिटं जातील. जाऊ द्या.